डेव्हिड ससून आणि ‘वाया गेलेली’ मुले

काळा घोड्याच्या वाचनालयामुळे डेव्हिड ससून हे नाव मुंबईकरांच्या ओळखीचे आहे. ससून डॉकही त्यांच्याच नावावर खपते, पण ते त्यांच्या मुलाचे काम. माहीमच्या बालसुधारगृहाशी असलेले त्यांचे नाते मात्र फारसे कोणाला आठवत नाही.

ससून १७९२ मध्ये बगदादला जन्मले. वडील तिथल्या पाशांचे खजिनदार. पुढे दाऊद पाशाने यहुद्यांचा छळ मांडला, तेव्हा जीव मुठीत धरून ते पळाले आणि बुशायरमार्गे १८३२च्या सुमारास कुटुंबासह मुंबईत आले. पोशाख शेवटपर्यंत बगदादीच राहिला. कापूस आणि अफूच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा मिळवला. अफूने किती घरे बसवली, हे व्यसनमुक्ती विभागात वेगळे सांगावे लागत नाही. दानाचा पैसा याच तिजोरीतला होता, हे झाकण्यात अर्थ नाही.

त्या काळी चोरीत सापडलेला पोरगा सराईत गुन्हेगारांसोबत तुरुंगात जाई. १८५०च्या कायद्याने अशा मुलांना कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला पाठवण्याची सोय झाली. मुंबईत त्यासाठी निघालेल्या उद्योगशाळेला ससून यांनी मोठी देणगी दिली आणि १८५७च्या सुमारास तिला त्यांचे नाव मिळाले. मुलाला तुरुंगाऐवजी हातात कसब द्यायचे, ही कल्पना काळाच्या पुढची होती.

ती अपुरीही होती. वर्षभर सतत मारामाऱ्या, चोऱ्या, खोटेपणा, घरातून पळणे दिसले, तर आज डॉक्टर वर्तनविकाराचा विचार करतात. त्यामागे अतिचंचलता, वाचन-लेखनातली अडचण, नैराश्य, नशा किंवा घरातली मारहाण आहे का, ते आधी तपासावे लागते. नुसत्या गोळीने हे सुटत नाही. आईवडिलांना शिस्तीची वेगळी पद्धत शिकवणे हा उपचाराचा कणा. शाळेलाही सोबत घ्यावे लागते. अशी मुले नुसती एकत्र कोंडली तर एकमेकांकडून नको ते शिकतात. ससूनकालीन सुधारगृहात कुटुंब दाराबाहेरच राही. कुटुंबाला सोबत घेणारे बालमार्गदर्शन केंद्र मुंबईत टाटा समाजकार्य शाळेने १९३७ मध्ये सुरू केले.

ससून १८६४ मध्ये पुण्यात वारले. त्यांचा भायखळ्याचा बंगला पुढे मसीना रुग्णालय झाला. तिथे आज मानसोपचार विभागही चालतो.