मैदानातून न्यायालयात

अमेरिकेत बेसबॉल लोकप्रिय होत होता, त्याच काळात त्या खेळात एक विलक्षण दास्य रूढ झाले. संघमालकांनी १८७९ मध्ये आपसांत ठरवून खेळाडू 'राखून' ठेवण्याची प्रथा पाडली. मालकाच्या संमतीवाचून खेळाडूस अन्य संघाकडे जाता येईना. या प्रथेस संघटित आव्हान दिले ते जॉन माँटगोमेरी वॉर्ड या खेळाडूने.

१८६० मध्ये पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या वॉर्ड यांनी विसाव्या वर्षी एका सामन्यात प्रतिपक्षाच्या एकाही फलंदाजास पहिल्या तळापर्यंत पोहोचू दिले नाही. पुढे न्यूयॉर्ककडून खेळत असतानाच, १८८५ मध्ये, त्यांनी कोलंबियातून कायद्याची पदवी मिळवली आणि त्याच वर्षी खेळाडूंची संघटना उभारली. मालकांनी दाद दिली नाही, तेव्हा १८९० मध्ये खेळाडूंनी स्वतःची लीग काढली. वॉर्ड यांना रोखण्यासाठी मालकांनी मागितलेला मनाईहुकूम न्यायालयाने नाकारला. खेळाडू कायमचा बांधलेला, मालक मात्र दहा दिवसांच्या सूचनेने मोकळा, हा करार न्यायासनापुढे टिकला नाही.

परंतु न्यायालयात जिंकलेली लढाई खेळाडू व्यवहारात हरले. त्यांना पैसा पुरविणाऱ्या धनिकांनी परस्पर तडजोड केली आणि ती लीग एका हंगामातच संपली. १८९४ मध्ये निवृत्त होऊन वॉर्ड यांनी वकिली केली. १९२५ मध्ये ते निवर्तले. राखीव कलमाची पकड सुटली ती १९७५ मध्ये, एका लवादाच्या निर्णयाने. कौशल्य टाळ्या मिळवून देते. हक्क मात्र झगडूनच मिळवावे लागतात, आणि कित्येकदा त्यांचे फळ पुढच्या पिढ्यांच्या पदरी पडते.