नीलपंखाचा रंग आणि हिशेबखात्यातील रामन

दसऱ्याला नीलपंखाचे दर्शन वऱ्हाडात शुभ मानतात. या पक्ष्याच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसते. मग निळाई येते कोठून? १९३४ च्या सुमारास या प्रश्नाचा सूक्ष्म अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला.

१८८८ साली तिरुचिरापल्लीस जन्मलेले रामन १९०७ मध्ये सरकारी अर्थखात्यात अधिकारी झाले. कलकत्ता, रंगून आणि ज्या शहरातून तेव्हा वऱ्हाडचा कारभार चाले ते नागपूर, अशा त्यांच्या बदल्या झाल्या. कलकत्त्यात कचेरीच्या आधी व नंतर प्रयोग, हा त्यांचा नित्यक्रम. १९१७ साली अधिक वेतनाची नोकरी सोडून त्यांनी प्राध्यापकपद पत्करले.

१९३० च्या नोबेल पारितोषिकानंतरही त्यांचे मन पिसे-शिंपल्यांत रमले. नीलपंखाची निळाई आकाशाप्रमाणे केवळ प्रकाश विखुरल्याने उलगडत नाही, असे त्यांनी मांडले. पिसांतील सूक्ष्म पोकळ्यांची सुसंगत रचना पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविली. आज कृत्रिम पदार्थांतील अशाच रचनेचे अंतर कमीअधिक करून रंगद्रव्याविना रंग बदलता येतो.

१९७० साली रामन निवर्तले. आमच्या महाविद्यालयांत उपकरणे अपुरी आहेत, ही तक्रार रास्तच आहे. परंतु नीलपंख आमच्याच शिवारातील तारेवर बसलेला असतो. त्याला नमस्कार करणारे पुष्कळ. प्रश्न विचारणारे किती?