ग्रेच्चोची गव्हाणी



नाताळ जवळ आला की आपल्या घरांतील चिमुकल्यांची लगबग सुरू होते. कोणी गवत गोळा करतो, कोणी पुठ्ठ्याचा गोठा उभारतो, कोणी चांदणीत दिवा बसवतो. अशा वेळी बाळ येशू गवतावर का निजला आहे, असे एखाद्या बालकाने विचारले, तर आपण त्याला काय सांगतो? तशी रीतच आहे, एवढे म्हणून आपण त्याची बोळवण करीत असू, तर एका थोर संताचा ठेवा आपण त्याच्या हाती पडूच देत नाही. ते संत म्हणजे असिसीकर फ्रान्सिस.

सन ११८१ च्या सुमारास इटलीतील असिसी नगरात, एका धनाढ्य कापड व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. तारुण्यात त्यांना उंची वस्त्रांची हौस होती आणि रणांगणावर कीर्ती मिळवण्याची आस होती. परंतु १२०२ साली पेरुजा नगराविरुद्धच्या लढाईत ते पकडले गेले. सुमारे वर्षभराचा बंदिवास आणि त्यानंतरचे आजारपण यांनी त्यांचे अंतःकरण बदलून टाकले. ज्या कुष्ठरोग्यांची त्यांना किळस येई, त्यांचीच ते सेवा करू लागले. १२०६ साली त्यांनी बिशपांसमोर अंगावरील वस्त्रेही उतरवून पित्याला परत केली आणि दारिद्र्याचा अंगीकार केला.

वाचकहो, गव्हाणीची कथा या त्यागातूनच उमलली आहे. स्वतः सर्वस्व सोडलेल्या फ्रान्सिस यांना देवपुत्राच्या गरिबीचे अपार प्रेम वाटे. १२२३ सालचा नाताळ आला, तेव्हा त्यांचे शरीर थकले होते, दृष्टी अधू होत चालली होती. त्यांच्या धर्मसंघाच्या नियमावलीला पोप होनोरियस तिसरे यांची मान्यता नुकतीच, २९ नोव्हेंबर रोजी, मिळाली होती. नाताळला सुमारे पंधरा दिवस उरले असता त्यांनी ग्रेच्चो गावच्या जोव्हान्नी नावाच्या एका भाविक गृहस्थाला बोलावून एक गव्हाणी, थोडे गवत, एक बैल व एक गाढव यांची तयारी करण्यास सांगितले. बेथलेहेमात बाळ येशूला कोणत्या हालअपेष्टांत निजावे लागले, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते.

त्या रात्री आसपासचे लोक मेणबत्त्या व मशाली घेऊन डोंगर चढून आले. गव्हाणीवरच पवित्र मिस्सा अर्पण करण्यात आला. उपयाजक असलेल्या फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गाऊन प्रवचन केले. तेथे ना रोषणाई होती, ना नक्षीकाम. त्यांचे पहिले चरित्रकार थोमास चेलानोकर यांच्या वर्णनात मूर्तींचाही उल्लेख नाही. मात्र ते एका दर्शनाविषयी सांगतात. एका भाविकाला गव्हाणीत निश्चेष्ट पडलेले बालक दिसले आणि फ्रान्सिस जवळ जाताच ते जणू गाढ झोपेतून जागे झाले. चरित्रकार त्याचा अर्थ असा लावतात की, अनेकांच्या अंतःकरणांत विस्मृतीत गेलेला येशू त्या सेवकाद्वारे पुन्हा जागा झाला.

ख्रिस्तजन्माची चित्रे व देखावे त्यापूर्वीही होते. परंतु गव्हाणी सामान्य जनांच्या जिव्हाळ्याची झाली ती ग्रेच्चोच्या त्या रात्रीपासून. पुढे फ्रान्सिस यांच्या धर्मबंधूंनी तिचा सर्वत्र प्रसार केला. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी फ्रान्सिस प्रभुचरणी विलीन झाले आणि १२२८ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले.

ही कथा बालकांना सांगताना त्यांच्या हाती थोडे गवत द्या. ते कसे टोचते, हे त्यांना अनुभवू द्या. गव्हाणीचा उल्लेख लूकच्या शुभवर्तमानात आहे, तर बैल व गाढव हे यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून परंपरेने गोठ्यात आले, हेही त्यांना बायबल उघडून दाखवा. नाताळच्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, बैल-गाढवांना नेहमीपेक्षा अधिक चारा मिळावा आणि पाखरांसाठी वाटेवर धान्य टाकावे, अशी फ्रान्सिस यांची इच्छा होती. मूठभर दाणे अंगणात किंवा खिडकीत टाकणे तर लहानात लहान मुलालाही जमेल. शेजारच्या गरजू घरी फराळाचे ताट मुलांच्याच हातून पाठवा.

आपले गोठे आज अधिक देखणे झाले आहेत. स्पर्धा होतात, बक्षिसेही मिळतात. त्यात वावगे काही नाही. परंतु बक्षीस मिळाले आणि बाळ मात्र झोपलेलेच राहिले, असे आपल्या घरी होऊ नये. गोठा आवरून ठेवल्यावरही मुलाच्या मनात ते बाळ जागे राहिले, तर ग्रेच्चोची ती रात्र आपल्या घरात पुन्हा अवतरली असे समजावे.