झोळी घेऊन उभा राहिलेला शिक्षक

शाळा चालवणे हे प्रतिष्ठेचे काम आणि शाळेसाठी पैसे मागणे हे कमीपणाचे काम, अशी विभागणी समाजाने फार पूर्वीपासून करून ठेवली आहे. शिक्षकाने शिकवावे, पैशाची तजवीज विश्वस्तांनी करावी आणि प्रार्थना, उपासना जी काही असेल ती रविवारपुरती राहावी, असे ठरवून टाकले की सर्वांचीच सोय होते. एकोणिसाव्या शतकात इटलीतील तुरिन शहरी एका शेतकऱ्याच्या मुलाने ही विभागणी मानली नाही. ज्या तोंडाने त्याने मुलांना अक्षरे आणि धर्म शिकवला, त्याच तोंडाने त्याने सरदारांच्या वाड्यांत आणि दुकानदारांच्या पेढ्यांवर वर्गणी मागितली. ही तिन्ही कामे एकच आहेत असे तो मानत असे. जग त्याला डॉन बॉस्को या नावाने ओळखते. ‘डॉन’ ही इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी लावायची आदराची उपाधी आहे. मूळ नाव जॉन बॉस्को.

त्यांचा जन्म 16 ऑगस्ट 1815 रोजी पीडमाँट प्रांतातील बेक्की या वाडीत झाला. जॉन दोन वर्षांचाही नव्हता, तोच वडील वारले. घरात आई मार्गरिता, सख्खा भाऊ, सावत्र भाऊ आणि वृद्ध आजी. आईला लिहितावाचता येत नव्हते. पण प्रार्थना, कष्ट आणि दारी आलेल्याला घासातला घास देणे या तीन गोष्टी तिने मुलांना शिकवल्या. सावत्र भावाला जॉनचे पुस्तकवेड मुळीच पसंत नव्हते. घरातील कलह इतका वाढला की आईने छातीवर दगड ठेवून त्याला एका शेतकऱ्याकडे गडी म्हणून धाडले. त्या वेळी तो बारा-तेरा वर्षांचा होता.

त्याआधीच त्याने आपली पहिली ‘शाळा’ काढली होती. जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे खेळ पाहून तो दोरीवर चालणे, हातचलाखी, कोलांट्या शिकला होता. सुटीच्या दिवशी माळावर दोन झाडांना दोर बांधून तो वाडीतल्या पोरांना खेळ दाखवी. या खेळाला तिकीट होते, पण ते पैशाचे नव्हते. प्रथम जपमाळ म्हणायची, सकाळी देवळात ऐकलेले प्रवचन जॉनच्या तोंडून पुन्हा ऐकायचे आणि मगच दोरीवरचा खेळ पाहायचा. पुढील साऱ्या आयुष्याचा नमुना या माळावर तयार झाला.

शिक्षणासाठी तो किएरी या गावी गेला तेव्हा घरी पैसा नव्हता. त्याने शिंप्याच्या दुकानात सुई धरली, कॉफीगृहात कपबशा उचलल्या. 1835 साली धर्मगुरूच्या शिक्षणासाठी सेमिनरीत दाखल होताना त्याच्या अंगावरचा पोशाखदेखील गावकऱ्यांनी मिळून दिलेला होता. पुढे जन्मभर इतरांसाठी हात पसरणारा हा माणूस स्वतःच वर्गणीवर वाढलेला होता. घेणाऱ्याच्या मनाला काय वाटते हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

तुरुंगाच्या वाटेवरची मुले

5 जून 1841 रोजी त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. तुरिन तेव्हा झपाट्याने वाढत होते. डोंगराळ खोऱ्यांतून गवंडीकामासाठी, धुराडी साफ करण्यासाठी, पडेल ते ओझे वाहण्यासाठी अल्पवयीन मुले शहरात येत. काम मिळाले तर बांधकामावर, न मिळाले तर रस्त्यावर आणि शेवटी तुरुंगात, असा त्यांचा प्रवास असे. आपले गुरू जोसेफ काफास्सो यांच्याबरोबर डॉन बॉस्को तुरुंगात जाऊ लागले. एकदा सुटलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा गजांआड आलेली त्यांना दिसली. बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते, हे त्यामागचे कारण त्यांच्या ध्यानात आले.

8 डिसेंबर 1841 रोजी संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये मिस्सेच्या तयारीत असताना एक प्रसंग घडला. आडोशाला उभ्या असलेल्या एका पोरक्या गवंडी मुलाला मिस्सेत सेवा करता येत नाही म्हणून चर्चच्या सेवकाने झोडपून हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्या मुलाला परत बोलावले, मिस्सेनंतर त्याची विचारपूस केली आणि त्याला प्रार्थनेचा पहिला पाठ दिला. पुढच्या रविवारी तो आणखी काही मुलांना घेऊन आला. यातून रविवारचा मेळावा उभा राहिला. इटालियन भाषेत त्याला ‘ओरातोरियो’, म्हणजे प्रार्थनास्थान, म्हणत. पण तेथे प्रार्थनेइतकाच दंगा चाले. मिस्सा, पापनिवेदन, धर्मशिक्षण, मग धावाधाव, गाणी, सहली आणि संध्याकाळी अक्षरओळख असा तो दिवस असे.

शहराला हा गोंगाट सोसवेना. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हकालपट्टी होत राहिली. गिरणीवाल्यांनी तक्रार केली, घरमालकांनी जागा सोडवून घेतली. ज्या धनिक मार्कीज बाईंच्या संस्थेत ते पगारी धर्मगुरू होते, त्यांनी नोकरी किंवा ही पोरे यांतून एक निवडा असे बजावले. डॉन बॉस्को यांनी पोरे निवडली. हा मनुष्य भ्रमिष्ट झाला आहे अशा समजुतीने त्यांना वेड्यांच्या इस्पितळात नेण्याचा बेतदेखील काही स्नेह्यांनी केला होता, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. अखेर 1846 च्या ईस्टरला शहराबाहेर व्हाल्दोको येथे एका ठेंगण्या पडवीत या मेळाव्याला कायमचे ठिकाण मिळाले. त्याच वर्षी आजाराने ते मरणाच्या दारात गेले. बरे झाल्यावर नोव्हेंबरात ते परतले ते वृद्ध आईला सोबत घेऊन.

मार्गरिता यांनी आपला लग्नातला पोशाख आणि किडूकमिडूक दागिने या घराच्या पायी घातले. पोशाखाच्या कापडातून पूजेची वस्त्रे शिवली गेली. या संस्थेची पहिली मोठी देणगीदार एक निरक्षर शेतकरी विधवा होती. दानाचे फळ लगेच गोड लागते असेही नाही. रात्रीच्या आसऱ्याला ठेवलेल्या पहिल्या काही पोरांनी सकाळी चादरींसह पोबारा केला. तरीही 1847 साली पावसात भिजून आलेल्या एका पोरक्या मुलाला या मायलेकांनी स्वयंपाकघरात बिछाना घालून दिला आणि तेथून वसतिगृह सुरू झाले.

सोडत आणि हिशेब

पडवी अपुरी पडू लागली तेव्हा चर्च बांधायचे ठरले आणि पैशाचा प्रश्न उभा राहिला. 1851 च्या सुमारास डॉन बॉस्को यांनी सोडतीचा मार्ग धरला. घरोघरच्या लोकांनी वस्तू द्यायच्या, त्या प्रदर्शनात मांडायच्या, सरकारी परवानगीने तिकिटे विकायची आणि चिठ्ठ्या काढून त्या वस्तू वाटायच्या. ज्याला रोख रक्कम देणे शक्य नव्हते तो भरतकामाचा रुमाल देऊ शके. ज्याला वस्तूही देता येत नसे तो एक तिकीट घेई. मोठ्यांचे मोठेपण राखूनही लहानाला आत येण्याची वाट या पद्धतीत होती. तिकिटांबरोबर ते स्वतः पत्रे लिहीत. रात्री मुले झोपली की पत्रलेखनाला बसत आणि अशी हजारो पत्रे त्यांनी आयुष्यात लिहिली.

या पहिल्या मोठ्या सोडतीच्या काळातच, 26 एप्रिल 1852 रोजी, जवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात भयंकर स्फोट झाला. व्हाल्दोकोच्या शेजारी असलेल्या कोत्तोलेंगो यांच्या रुग्णाश्रमाची हानी झाली. स्वतःच्या डोक्यावर कर्ज असताना डॉन बॉस्को यांनी सोडतीच्या उत्पन्नात त्या आश्रमाला वाटा दिला. जून महिन्यात चर्चचे उद्घाटन झाले. डिसेंबरात मुलांसाठी बांधत असलेली नवी इमारत पावसाने कोसळली आणि पुन्हा पहिल्यापासून पत्रे लिहिणे आले.

मिळालेला पैसा कशावर खर्च झाला हे पाहिले म्हणजे या खटाटोपाचा अर्थ कळतो. 1853 साली चांभारकाम आणि शिवणकाम यांच्या कार्यशाळा निघाल्या. मागोमाग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम आले. त्याआधी मुले शहरातल्या कारागिरांकडे उमेदवारीला जात. तेव्हा डॉन बॉस्को मालकाकडून मुद्रांकित कागदावर करार लिहून घेत. मुलाला मारायचे नाही, धंद्याबाहेरच्या कामाला जुंपायचे नाही, सणवार व रविवार मोकळा द्यायचा आणि वेतन टप्प्याटप्प्याने वाढवायचे, अशी त्यात कलमे असत. दानावर वाढणारे मूल हक्काने कमावणारा कामगार व्हावे, ही दृष्टी त्यामागे होती. दशमान पद्धतीची वजनेमापे राज्यात लागू होणार असे दिसताच सामान्यांना ती समजावीत म्हणून त्यांनी 1849 साली पुस्तक लिहिले आणि त्याच विषयावर मुलांकडून नाटुकलेही बसवून घेतले.

मैदानातील उपासना

शिक्षा करून शिस्त लावण्याऐवजी अपराधाची वेळच येऊ नये अशी सोबत शिक्षकाने द्यावी, हे त्यांच्या शिक्षणपद्धतीचे सूत्र होते. विवेक, धर्म आणि माया हे तिचे तीन आधार त्यांनी 1877 साली लिहिलेल्या एका छोट्या निबंधात मांडले. धर्म त्यांनी मुलांवर लादला नाही असे म्हणणे आजच्या कसोटीला पूर्णपणे उतरणार नाही, कारण रोजची मिस्सा आणि वारंवार पापनिवेदन हा त्या घराचा श्वास होता. मात्र ती भक्ती केवळ गुडघे टेकण्यापुरती राहू नये, असा त्यांचा आग्रह असे. 1854 साली तुरिनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा आजाऱ्यांना उचलायला माणसे मिळेनात. डॉन बॉस्को यांच्या शब्दावर व्हाल्दोकोची मोठी मुले पुढे झाली. घरोघरचे रुग्ण त्यांनी हलवले, त्यांची शुश्रूषा केली. घरातले कापड संपले तेव्हा मार्गरिता यांनी जेवणाच्या मेजावरचे आच्छादनही रुग्णांसाठी देऊन टाकले. ज्यांना समाज दानाचे पात्र समजत होता, त्या मुलांनी त्या वर्षी समाजाला दान दिले.

पुढे मेरीमातेच्या नावाने भव्य चर्च बांधायला काढले तेव्हा पायाच्या कामाचा पहिला हप्ता म्हणून त्यांनी गवंड्याच्या हातावर आपले पाकीट उपडे केले. त्यातून तांब्याची आठ नाणी निघाली, अशी आख्यायिका आहे. जून 1868 मध्ये ते चर्च पुरे झाले. त्यात धनिकांच्या रकमा होत्याच. पण नवस फेडणाऱ्या सामान्यांच्या छोट्या देणग्यांचा वाटा मोठा होता.

उपकार की देणे?

या मार्गात धोका होता आणि टीकाही झाली. चर्चच्या मालमत्तेवर आणि मठांवर कायद्याचा बडगा उगारणाऱ्या उदारमतवादी मंत्र्यांशी ते बोलत, म्हणून सनातनी मंडळी रुष्ट होत. पोपशी त्यांची निष्ठा होती म्हणून 1860 साली पोलिसांनी व्हाल्दोकोची झडती घेतली. खुद्द तुरिनचे आर्चबिशप गास्ताल्दी यांच्याशी त्यांचे दीर्घकाळ बिनसले. श्रीमंतांच्या दारी जाणारा मनुष्य श्रीमंतांचा मिंधा होतो, हा आक्षेप तर प्रत्येक देणगी मागणाऱ्यावर येतोच.

या आक्षेपाला त्यांच्या वागण्यातच उत्तर होते. गरजेपलीकडची संपत्ती गरिबाला देणे हा उपकार नाही, ते देणे आहे, असे ते श्रीमंतांना तोंडावर सांगत. आज मुलाला हाताला काम दिले नाही तर उद्या तोच मुलगा हत्यार घेऊन दारात येईल, असा इशाराही ते देत. देणाऱ्याला त्यांनी नुसता देणगीदार ठेवले नाही. 1876 साली पोपची मान्यता मिळालेल्या ‘सहकारी’ मंडळात त्यांनी त्याला कामाचा भागीदार केले आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या नियतकालिकातून घरोघर कामाची हकीकत पोहोचवली. आलेला पैसा साठवून ठेवायचा नाही, लगेच कामाला लावायचा, हा त्यांचा दंडक होता. त्यामुळे कर्ज कधी फिटले नाही आणि काम कधी थांबले नाही.

याची किंमत शरीराने मोजली. 1859 साली स्थापन केलेला सेलेशियन संघ, 1872 साली मारिया माझ्झारेल्लो यांच्या साहाय्याने काढलेला भगिनींचा संघ, 1875 साली अर्जेंटिनाला धाडलेले धर्मप्रसारक, यांचा भार वाढतच होता. अशात पोप तेरावे लिओ यांनी रोममधील एका रखडलेल्या चर्चचे काम त्यांच्या गळ्यात घातले. त्यासाठी सुजलेल्या पायांनी आणि अधू डोळ्यांनी ते 1883 साली पॅरिसपर्यंत गेले. तेथे लोकांनी अलोट गर्दी केली. 1887 साली ते चर्च पूर्ण झाले. 31 जानेवारी 1888 च्या पहाटे डॉन बॉस्को यांनी देह ठेवला. शेवटच्या आजारात त्यांनी आपले खिसे तपासायला लावले. मरताना आपल्याजवळ एक नाणेही राहू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. 1934 साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना संत घोषित केले.

त्यांचे अनुयायी 1906 साली तंजावरला आले आणि काही वर्षांनी मुंबईत पोहोचले. माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा कोणा मुंबईकराला ठाऊक नाही? तेथील अनेक कुटुंबांना मात्र त्या नावामागचा माणूस ठाऊक असेलच असे नाही.

आज कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही संस्थेच्या शाळेत वर्षातून एखादे वेळी मुलांच्या हाती तिकिटांची पुस्तके पडतात, आनंदमेळावे भरतात, मदतनिधीचे डबे फिरतात. त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की त्या डब्यातून मूल काय शिकते? आपण तिकिटे खपवणारे बिनपगारी विक्रेते आहोत हे शिकते, की शेजारचा आश्रम पडला तर आपल्या अर्ध्या भाकरीत त्याचाही वाटा आहे हे शिकते? गोळा झालेला पैसा कोठे गेला हे त्याला सांगितले जाते काय? आणि ज्याच्यासाठी तो गोळा झाला त्या गरीब मुलाला त्याच वर्गात, त्याच बाकावर, मान वर करून बसता येते काय? व्हाल्दोकोच्या पडवीत या प्रश्नांची उत्तरे एका निर्धन धर्मगुरूने आणि त्याच्या निरक्षर आईने देऊन ठेवली आहेत. ज्या शाळेला ती उत्तरे देता येतील, तिने खुशाल हात पसरावा.