शिंपी जॉन वुलमन

जॉन वुलमन ह्याचा जन्म अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात १७२० साली झाला. मौंट होली गावी त्याचे दुकान भरभराटीस आले, तेव्हा व्याप फार वाढतो असे पाहून त्याने ते सोडिले व शिंपीकामावर निर्वाह चालविला. (इतर लोक धंदा बुडाल्यावर सोडितात!) रंग मळ झाकितो व कापडास अपाय करितो, असे त्याच्या मनाने घेतले. पूर्वी शिवलेली वस्त्रे त्याने आणखी नऊ महिने वापरिली. मग बिनरंगी टोपी घेतली. नेमकी त्याच वेळी पांढऱ्या टोप्यांची टूम निघाली होती, म्हणून कित्येक बंधुजन त्याच्याशी दूरदूर वागू लागले. हे त्यास फार जड गेले; तथापि टोपी त्याने टाकिली नाही. गुलामगिरीविरुद्ध तो गावोगाव बोलत फिरे. १७७२ साली इंग्लंडात यॉर्क येथे तो देवीच्या रोगाने वारला. चार वर्षांनी फिलाडेल्फियाच्या क्वेकर मंडळीने आपल्या सभासदांस गुलाम बाळगण्याची मनाई केली.