हिशेबनिसाचे स्थितिशास्त्र

उतरणीवर ठेवलेले वजन तोलून धरण्यास किती बल लागते, हा यंत्रशास्त्राचा अगदी आरंभीचा धडा. त्याची समाधानकारक सिद्धता १५८६ साली एका माजी हिशेबनिसाने प्रसिद्ध केली. ब्रूज येथे १५४८ मध्ये जन्मलेला सिमॉन स्टेव्हिन प्रथम अँटवर्पला हिशेब लिहीत असे, मग गावच्या करकचेरीत कारकून झाला. लायडन विद्यापीठात त्याने नाव घातले ते पस्तिशीत. सावकार मंडळी व्याजाची कोष्टके गुप्त राखीत. ती याने १५८२ मध्ये छापून टाकली. (अर्थशास्त्राने त्याचे हे ऋण अद्याप पुरते मानलेले नाही.)

एक बाजू दुसरीच्या दुप्पट असलेल्या त्रिकोणावर त्याने चौदा समान गोळ्यांची माळ कल्पिली. लांब उतरणीवर चार, आखूड उतरणीवर दोन, खाली लोंबते आठ. चार गोळे दोहोंना भारी ठरते, तर माळ सरकूनही मांडणी तीच राहिल्याने ती अखंड फिरत राहिली असती. आणि ते तर अशक्य. खालचे आठ दोन्हीकडे सारखेच ओढतात, म्हणून ते वगळले तरी तोल ढळत नाही. अर्थात, उंची तीच असता उतरण जितकी लांब तितके लागणारे बल कमी.

हे सारे त्याने विद्वन्मान्य लॅटिनमध्ये नव्हे, तर डच भाषेत लिहिले. जेथे शब्द नव्हते तेथे ते घडविले. १६०० साली राजपुत्र मॉरिसच्या इच्छेवरून लायडनला अभियंत्यांसाठी अभ्यासक्रम आखला, तोही डच माध्यमातूनच. १६२० मध्ये तो निवर्तला; गणितासाठी त्याने योजलेल्या शब्दाचेच रूप डच शाळांतून आजही चालते.