नागपूरचे हिस्लॉप साहेब

मुलांनो, कामठीचे नाव तुम्ही ऐकले असेल. नागपूरजवळच्या या गावाचे नाव जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे. तेथील तांबूस-पिवळ्या वाळूच्या खडकाला ‘कामठी थर’ म्हणतात.

स्टीफन हिस्लॉप यांनी हे खडक बारकाईने पाहिले. त्यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमध्ये झाला. ते ख्रिस्ती पाद्री होते. १८४५ साली ते नागपूरला आले. तुमच्यासारखीच त्यांनाही मराठी शिकावी लागली, आणि तीही मोठ्या वयात! पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली.

गावोगाव हिंडताना ते दगड फोडून पाहत. रॉबर्ट हंटर हे त्यांचे सोबती. सिलेवाड्याच्या दगडांत त्यांना पानांचे ठसे मिळाले. ही पाने जिभेसारखी लांबट असतात, म्हणून त्या झाडाला ग्लॉसोप्टेरिस म्हणतात. त्यातला ‘ग्लॉसा’ हा ग्रीक शब्द म्हणजे तुमची ‘जबान’च. मांगली गावी बेडकासारख्या एका प्राचीन प्राण्याची कवटी सापडली.

ही पाने दगडात कशी गेली? सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी येथून मोठ्या नद्या वाहत होत्या. त्यांनी वाळू आणि गाळ आणून टाकला. त्यात पाने दबली आणि गाळाचा खडक झाला. त्याही आधी येथे दलदलीची राने होती. ती गाडली गेली, दाबाने व उष्णतेने त्यांचा दगडी कोळसा बनला. म्हणून कामठी थरांच्या खाली कोळसा मिळतो. हिस्लॉप यांना हे खडक बरेच अलीकडचे वाटले होते. त्यांचे खरे वय पुढे कळले. तशीच पाने आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही सापडली. हे भूभाग एकेकाळी जोडलेले होते, याचा तो मोठा पुरावा ठरला.

हिस्लॉप गोंड लोकांची भाषा आणि गाणीही लिहून ठेवत. ते काम मात्र अपुरे राहिले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटला प्राचीन दगडी वर्तुळे पाहायला गेले होते. संध्याकाळी घोड्यावरून एकटे परतताना वाटेतल्या नाल्याला पूर आला होता. त्यात ते बुडाले. शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने १८६६ साली छापली. नागपुरातील हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे आहे.